बोडणाआधीची सुई

"मला टोचायचं नाही आणि हिलाही टोचायचं नाही. विषय संपला," राजाभाऊ म्हणाले आणि अडकित्ता उघडून सुपारी कातरायला लागले.

या घरात राजाभाऊंनी अडकित्ता उघडला की सभा बरखास्त, असं सगळ्यांनी समजायचं. पन्नास वर्षं तसंच चाललं होतं. पण त्या शनिवारी पडवीतून कुणी हलेल तर शपथ! नात स्वानंदी कमरेवर हात देऊन आजोबांसमोर उभी, तिची आई अक्षया खांबाला टेकलेली, आणि मे महिन्याच्या सुट्टीला डोंबिवलीहून आलेली लेक अवनी वडलांच्या शेजारी, वकीलपत्र घेतल्यासारखी बसलेली.

पद्मजाबाई अंगणात उन्हात वाळणाऱ्या साठांच्या ताटांवरचं पातळ फडकं सारखं करत होत्या. हात आंब्याच्या साठांवर आणि कान पडवीत. ज्या 'हिला' टोचायचं नव्हतं ती म्हणजे त्या स्वतः, आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आता यात नवीन काय म्हणा! खालची बाग कराराने दिली तेव्हा विचारलं नाही, वरच्या खोल्यांना पत्रा घातला तेव्हा विचारलं नाही. पण बागेचं एक आणि दंडाचं एक. दंड तर माझाच आहे ना, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी फडकं जरा जोरातच झटकलं.

"आजोबा, मी फ्लूची लस म्हणतेय, ऑपरेशन नाही," स्वानंदी म्हणाली. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दवाखाना उघडून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि उद्या रविवारी सकाळी याच पडवीत वाडीतल्या वयस्कर माणसांना ती लस देणार होती. "पावसाच्या आधी घेतलेली बरी. एकदा पाऊस लागला की घरोघरी खोकला सुरू होतो."

"कोविडच्या वेळी घेतल्या की आम्ही."

"तो आजार वेगळा, ती लस वेगळी. आणि फ्लूचा विषाणू दर वर्षी रूप बदलतो, म्हणून ही दर वर्षी घ्यायची."

"दर वर्षी! म्हणजे कलमांना खत घालतात तसं?"

"तसंच. तुम्ही कलमांना एकदा खत घालून मोकळे होता का?"

अक्षयाने हसू लपवायला तोंड वळवलं. राजाभाऊंनी ते पाहिलं आणि सुपारीचे आणखी दोन तुकडे केले.

"स्वानंदी, माझ्या सासूबाईंनी घेतली होती गो," अवनीने बाजू मांडली. "दोन दिवस अंगात कणकण होती त्यांच्या. बाबांचं वय बघ, आईची तब्येत बघ. नसतं दुखणं विकत कशाला घ्यायचं?"

"आत्या, दंड दुखतो, एखाददोन दिवस कणकण येते, आणि जाते. त्या लसीत जिवंत विषाणू नसतोच, फ्लू होणार कुठून? आजीला गेल्या श्रावणात काय झालं ते तू फोनवर ऐकलंस. मी समोर उभी राहून पाहिलंय."

गेल्या श्रावणाचं नाव या घरात कुणी काढत नसे. पूजेला आलेल्या कुणाच्या तरी साध्या सर्दीखोकल्याने सुरुवात झाली होती. काढा झाला, वाफ झाली, आणि चौथ्या दिवशी पद्मजाबाईंना श्वास पुरेना. न्यूमोनिया. नाकातोंडावर मास्क, हाताला सुया, आणि डॉक्टर त्यांच्या मुलाला, वरदला, बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगतायत, एवढं पद्मजाबाईंना आठवत होतं. आल्या परत, देवाची कृपा. पण अजूनही परसातून दोन पायऱ्या चढून आलं की त्यांना उंबऱ्याला धरून उभं राहावं लागे.

"म्हणूनच सांगते," स्वानंदीचा आवाज खाली आला. "वेदच्या मुलीचं बोडण आहे. मुंबईपुण्याची सगळी माणसं येणार. एका काथवटीभोवती डोक्याला डोकं लावून बसायचं, तेही दारं लावून. कोण कसला खोकला घेऊन येईल सांगता येतं का? बाळ अजून लहान आहे, त्याला ही लस देता येत नाही, म्हणजे आपणच घ्यायला हवी. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. उद्या घेतली तर बोडणापर्यंत बरोबर बसतं. आणि आजी, स्पष्टच सांगते. नाही घेतलीस तर मी तुला काथवटीला बसू देणार नाही."

हे मात्र वर्मी लागलं. या घरात लग्न, मुंज, बारसं काहीही होवो, कार्य झालं की बोडण भरायचंच. सवाष्णी आणि एक कुमारिका लाकडी काथवटीभोवती बसतात, देवीपुढे दूध-दही-तूप-मध-पुरण एकत्र घालून सगळ्यांच्या हातांनी कालवतात, आणि कुमारिका पुरे म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. सासूबाईंनी पद्मजाबाईंना नवी नवरी म्हणून हाताला धरून बसवलं, तेव्हापासून त्यांनी एक बोडण चुकवलं नव्हतं. आणि हे तर पहिल्या पणतीचं! स्वानंदीच्या भावाची, वेदची, बायको बाळाला घेऊन चिपळूणला माहेरी होती. बोडणाच्या आदल्या दिवशी ती येणार, मग पणती मांडीवर घ्यायची, याच एका गोष्टीवर पद्मजाबाईंचा सगळा उन्हाळा चालला होता.

त्या अंगणातून वर आल्या. श्वास जमवला आणि म्हणाल्या, "ह्यांनी घेतली तर मी घेईन."

"आई!" अक्षया म्हणाली. "ते घेणार नाहीत हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मग मीपण नाही. मी एकटीने टोचून घ्यायचं आणि ह्यांनी रात्रभर माझ्या कानाशी खोकायचं, त्याला काय अर्थ आहे? एका खोलीत झोपतो आम्ही."

हा हट्ट होता, भीती होती की नवऱ्याला पेचात धरायचा डाव होता, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. थोडं थोडं सगळंच असावं. त्या दुपारी राजाभाऊंनी इतकी सुपारी कातरली की गावजेवणाला पुरली असती.

बागेतून आलेल्या वरदने पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता सगळं ऐकलं. "बाबांचं बाबांना ठरवू दे," एवढंच म्हणाला. आई एका बाजूला, मुलगी एका बाजूला आणि वडील तिसऱ्याच, अशा वेळी वरदला बागेत नेमकं काम निघतं. तसं आजही निघालं.

संध्याकाळी स्वानंदी शहरातून लसींचा खोका घेऊन आली. निळ्या पेटीतून काढून तिने तो फ्रीजच्या मधल्या खणात ठेवला, शेजारी थंड पिशव्या लावल्या आणि घरातल्या सगळ्यांना ओळीने उभं केलं.

"नीट ऐका. हे गरम होता कामा नये. उद्या सकाळपर्यंत फ्रीज उघडायचा नाही. ताक नको, थंड पाणी नको, काही नको. गरम झालं की लस फुकट गेली. वाडीतली एवढी माणसं मी हातापाया पडून तयार केलीत. आजोबा, तुम्हीसुद्धा ऐकताय ना?"

"मी कशाला उघडतोय तुझा फ्रीज?" राजाभाऊ गुरगुरले.

तेवढ्यात तिला फोन आला. दवाखान्यात दम्याचा कुणी पेशंट आला होता. ती तशीच गाडी काढून गेली, सकाळी थेट येते म्हणाली. ती वळणापलीकडे गेली असेल नसेल, वारा सुटला. वादळी वारा नव्हे, पण मे महिन्याच्या शेवटी सुटतो तसा आडदांड. फणसाची फांदी तारेवर पडली आणि सगळ्या वाडीची लाइट गेली. वरदने बोर्डात फोन लावला. "माणसं पाठवतो" असं तिकडून उत्तर आलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

बॅटरीच्या उजेडात जेवणं उरकली. गोळी घेऊन पद्मजाबाई आडव्या झाल्या. डोळा लागता लागता मागच्या खोलीतून धप्प आवाज आला. पल्पच्या डीप फ्रीझरचं झाकण. त्यांना आवाज पाठ होता. बाई गं, अंधाराचा फायदा घेऊन हा मनुष्य आमरस खायला गेला! साखर किती वाढलीय, डॉक्टरांनी किती बजावलंय, पण आंबा दिसला की ह्यांचं वय एकदम आठ वर्षांचं होतं. सकाळी बघते ह्यांच्याकडे, असं ठरवून त्यांनी कूस बदलली. लाइट कधी आली ते त्यांना कळलं नाही.

सकाळी पडवी भरली. रावजीने लग्नाकार्यातला पांढरा शर्ट चढवला होता. कमळा नातीच्या खांद्याला धरून आली. सखू सगळ्यांत आधी आली आणि सगळ्यांत मागे, दाराजवळ बसली, म्हणजे वेळ आली तर पळता यावं. "सुई मोठी हाय का गो?" असं तिने अक्षयाला दोनदा विचारून घेतलं.

स्वानंदीने हात धुतले, आत जाऊन फ्रीज उघडला आणि तिथूनच ओरडली, "आई, खोका कुठाय?"

मधला खण रिकामा होता. थंड पिशव्या तेवढ्या शहाण्यासारख्या जागेवर. अक्षयाने फ्रीजला हात लावला नव्हता, अवनीने लावला नव्हता, तिच्या लहान सानवीने तर देवाशपथ लावला नव्हता. शोधाशोध झाली. शेवटी वरदने मागच्या खोलीतल्या डीप फ्रीझरचं झाकण उचललं. आमरसाच्या पिशव्यांच्या तळाशी, गोणपाटात नीट गुंडाळलेला खोका होता. स्वानंदीने एक सिरिंज काढून उजेडात धरली. आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

"कुणी केलं हे?"

"मी ठेवला," राजाभाऊ दारात उभे होते.

मग वरद जो भडकला! दोन्ही बाजूंनी न बोलता वर्षं काढलेला माणूस एकदा बोलायला लागला की बांध फुटतो. "बाबा, तुम्हाला नव्हती घ्यायची तर नका घेऊ. वाडीची कशाला नासवलीत? बाहेर माणसं बसलीत! पोरीने महिनाभर घरोघर फिरून त्यांना तयार केलं. तुमचा शब्द खरा करायला एवढं करायचं?"

"वरद, बाबांशी असं बोलायचं काम नाही," अवनी म्हणाली. मग वडलांकडे वळली आणि तिचा आवाज पडला. "पण बाबा, खरंच मुद्दाम केलंत?"

झालं, वकीलही फिरला. राजाभाऊंचा एक वाईट स्वभाव होता. खरा आरोप असला की भांडून घर डोक्यावर घेतील, पण खोटा आळ आला की तोंडातून शब्द फुटायचा नाही. ते भिंतीकडे बघत उभे राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात पद्मजाबाईंना हे मौन चांगलं कळलं होतं. रात्री फ्रीझरमधून काय बाहेर काढलं ते बघायला त्या मागच्या दाराने परसात गेल्या.

तिथे धुण्याच्या दगडापाशी घमेलं होतं. घमेल्यात आमरसाच्या पिशव्या, वितळून मऊ पडलेल्या, मुंग्या लागलेल्या. वरच्या पिशवीवर राजाभाऊंच्या अक्षरात 'विहिरीवरची पायरी' असं लिहिलं होतं. त्या एका झाडाचा रस ते वर्षभर कुणाला हात लावू देत नसत, जावयालासुद्धा वाटी मोजून मिळायची. पद्मजाबाईंनी घमेलं उचललं, पायऱ्या चढल्या, धापा टाकत माजघरात आल्या आणि ते वरदच्या पायाशी ठेवलं.

"हे बघ. आणि तूही बघ गो अवनी. ज्याला नासवायचं असतं तो खोका परसात भिरकावून देतो. स्वतःच्या पायरीचा रस बाहेर काढून त्याच्या जागी कोण ठेवतो? गोणपाटात कोण गुंडाळतो? बोला आता, शहाण्यांनो!"

मग राजाभाऊच हळू म्हणाले, "लाइट गेली. फ्रीजला बाहेरून हात लावला तर मला गरम लागला. ही सांगून गेली होती, गरम झालं की फुकट. बोर्डाची माणसं काही येत नव्हती. डीप फ्रीझर लाइट नसली तरी दोन दिवस दगड राहतो, आमचा रस कधी खराब झाला नाही. म्हटलं, त्याच्याइतकी थंड जागा घरात दुसरी नाही."

स्वानंदी मटकन पाटावर बसली. "मी फक्त गरम होता कामा नये म्हटलं," ती म्हणाली. "गोठूही द्यायची नाही हे बोललेच नाही मी. थंड पिशव्या होत्या, फ्रीज बंद होता, सकाळपर्यंत काही झालं नसतं. आजोबा, ही फक्त गार ठेवायची असते. बर्फ झाली की संपलं."

"मग वितळवून द्या की बाय," पडवीतून रावजीने तोडगा काढला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "मासळी न्हाय का बर्फातली काढून खात आमी?"

"नाही हो रावजीकाका. वितळली की दिसायला तशीच दिसेल, पण कामाची राहणार नाही. तुम्हाला वाटणार आपण लस घेतली, आणि आतून काहीच नाही. तसं मी कुणाला देणार नाही."

पण 'नासली' हा एकच शब्द पडवीभर फिरला. सखू तर चपला शोधायलाच लागली. "मी म्हनतच हुती, नासकी सुई टोचणार हुते," असं ती कमळाच्या कानाशी बोलली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं उठायला लागली. स्वानंदीचा चेहरा पडला. उद्यापर्यंत ही गोष्ट पाच वाड्यांत जाणार, आणि पुन्हा कोण दंड पुढे करणार? पद्मजाबाईंना नातीकडे बघवेना.

"रावजी, थांब. सखू, बस खाली." राजाभाऊ पडवीत आले होते. बागेत गड्यांना हाक मारायचा तोच आवाज. "औषध चांगलं होतं. नासवलं मी. हिने सांगितलं ते अर्धंच ऐकून शहाणपणा केला. पोरीची काही चूक नाही. गेल्या साली ही आमची पद्मा मरता मरता वाचली, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तुमच्यातली चार जणं तेव्हा देवळात बसून होती. ते पुन्हा कुणाच्या घरात नको. नवीन लस येईल तेव्हा हिच्या दवाखान्यात सगळ्यांनी यायचं, गाडी मी पाठवतो. आणि पहिला दंड माझा."

"तुमी घेनार भाऊ?" रावजीने डोळे बारीक केले.

"माझ्या मागे उभा राहून बघ."

रावजी हसला. बाकीची मंडळी बसली, चहा पिऊन गेली. सखूनेसुद्धा दोन कप घेतले. मात्र नवीन लस पुढच्या आठवड्याच्या शेवटीच मिळेल असं स्वानंदीला फोनवर कळलं, आणि हिशेब सगळ्यांच्याच लक्षात आला. तिने आजीचा हात हातात घेतला.

"आजी, मग या बोडणाला..."

"कळलं गो. अवनी बसेल माझ्या जागी. मी इथे ओटीवर बसेन, तिथून कानावर येतं सगळं." पद्मजाबाईंनी हे इतक्या सहज म्हटलं की अवनी रडायलाच लागली. "आई, मास्क लावून बस ना गो," ती म्हणाली. "तोंडाला फडकं बांधून देवीपुढे? देवी ओळखायची नाही मला," असं म्हणून पद्मजाबाई हसल्या आणि लगेच स्वयंपाकघरात गेल्या. आत गेल्यावर मात्र त्यांना हसवेना.

दुपारी माजघरात दोघंच होती. राजाभाऊ पायरीच्या पिशव्यांतलं वाचतं का ते बघायचं निमित्त करून तिथेच घुटमळत होते.

"एवढं होतं मनात, तर काल नाही का म्हणालात?" पद्मजाबाईंनी विचारलं.

राजाभाऊंनी हातातली पिशवी घमेल्यात ठेवली. "दवाखान्यात तुझे हात काळेनिळे झाले होते," ते म्हणाले. "शीर सापडत नव्हती म्हणून पुन्हा पुन्हा टोचत होते. मी दारातूनच मागे फिरलो. खाली गाडीत जाऊन बसायचो. वरदला सांगायचो, मी चहाला जातो. कुणी सुई म्हटलं की मला ते हात दिसतात, दुसरं काही दिसत नाही. माझं जाऊ दे, मी घेईन. पण तुला पुन्हा टोचायचं म्हटलं की मला परत खाली गाडीत जाऊन बसावंसं वाटतं."

आता मात्र पद्मजाबाईंना राग यावा की रडू यावं कळेना. नवरा एकदाही आत आला नाही, हे त्यांनी वर्षभर मनात धरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. "अहो, त्या सुयांनीच तर मी जगले," त्या म्हणाल्या. "आणि ही एकच आहे. एक. त्या पुन्हा लागू नयेत म्हणून." त्यांनी दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. राजाभाऊंनी ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, आंबा पारखतात तसे.

लस आली त्या दिवशी मारुती मंदिराजवळच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. वरदच्या टेंपोने दोन खेपा केल्या होत्या. राजाभाऊ बाही वर करून खुर्चीत बसले आणि डोळे मिटून मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले. पहिली ओळ संपायच्या आत स्वानंदी म्हणाली, "झालं आजोबा."

"झालं? मग मी एवढी तयारी कशाला केली?"

सगळा दवाखाना हसला. मागे रावजीने शर्टाची बाही वर केलीच होती, पण राजाभाऊंनी त्याला थांबवलं. "आधी ही." पद्मजाबाई बसल्या. राजाभाऊ त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले, पण त्यांनी मान वळवली नाही. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत बघत राहिले. त्यांच्यापायी पद्मजाबाईंना स्वतःला भ्यायला फुरसतच मिळाली नाही. मग रावजी, मग कमळा, आणि शेवटी सखूसुद्धा, "मेले गो बाय" असं आधीच ओरडून.

थोडा वेळ बसून जा, असं स्वानंदीने सगळ्यांना सांगितलं. बाकावर पद्मजाबाईंच्या एका बाजूला अवनी, दुसऱ्या बाजूला राजाभाऊ. अवनी बोडणाच्या तयारीचं विचारत होती. पुरण किती, तूप कुणाकडचं, देवीपुढे आधी काय ठेवायचं. पद्मजाबाई सगळं नीट समजावून सांगत होत्या. आपली जागा लेकीला द्यायची तर तिला सगळं यायला हवं ना! सांगता सांगता त्यांनी पदराने नाक पुसलं.

राजाभाऊंनी खिशातून फोन काढला आणि पुतण्याला लावला. फोन कानापासून लांब धरून ओरडून बोलायची त्यांची जुनी सवय.

"हॅलो, निलेश? मी रत्नागिरीहून. बोडण पुढे गेलं. हो, पुढे. लस मुरायला दोन आठवडे लागतात, त्यानंतरचा शुक्रवार. ठरलं होतं, माहीत आहे मला. गुरुजींशी मी बोलतो. तिकिटं रद्द कर."

"बाबा, सानवीची शाळा सुरू होते तेव्हा!" अवनी दचकून म्हणाली.

"बुडू दे दोन दिवस. तुला नाही, निलेश, अवनीला म्हणालो. काय? कुळाचाराची तारीख कधी हलवली नाही? मीच नाही हलवली, मला काय सांगतोस! देवीला मी सकाळीच सांगितलं, तिची काही हरकत दिसली नाही." बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती. राजाभाऊंचा आवाज काही खाली आला नाही. "अरे, ही काथवटीला बसणार नसेल तर मला बोडण भरायचंच नाही. गेल्या वर्षी हातातून चालली होती रे ही. तारखा पंचांगात पुष्कळ आहेत. ही एकच आहे. आणि ऐक, तुम्ही सगळ्यांनी तिकडे टोचून घ्यायचं आणि मगच यायचं. खोकत आलास तर दारातून परत पाठवीन."

कमळाने पद्मजाबाईंना कोपराने ढोसलं. अवनी डोळे पुसत होती आणि हसतही होती. आतून स्वानंदी दारात येऊन उभी राहिली होती.

"अहो, हळू बोला, दवाखाना आहे," पद्मजाबाई म्हणाल्या खऱ्या. पण त्यांनी असंच ओरडून बोलावं आणि साऱ्या रत्नागिरीने ऐकावं, असंच त्यांना वाटत होतं.